प्रशिक्षणाची जागा आणि उतारावरचा ब्रेक
ठाण्यातील फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाड्यांच्या) क्लबचा प्रशिक्षण दिवस येऊरच्या जंगलात घ्यावा, अशी एक सूचना आली आहे; ती मला पटत नाही. ते जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तेथे परवानगीविना प्रवेशही करता येत नाही, मग चिखलात गाड्या घालणे तर दूरच. मुरबाडकडे मालकाच्या संमतीने खासगी माळरान मिळवावे. शिकवताना मात्र (चढ सर्वांनाच आवडतो) उतारावर अधिक वेळ द्यावा: लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर देणाऱ्या गिअरच्या संचात) पहिला गिअर टाकून क्लचवरून पाय पूर्णपणे काढावा आणि वेग इंजिनालाच रोखू द्यावा, कारण ओल्या मातीवर ब्रेक जोरात दाबल्यास चाके जाम होऊन गाडी घसरते व स्टिअरिंगला दाद देत नाही. चिखलात पकड मिळावी म्हणून टायरमधील हवा कमी केली असल्यास डांबरी रस्त्यावर वेग घेण्यापूर्वी ती पुन्हा भरावी.