‘शेअर्ड डिसिजन मेकिंग’ला मराठीत काय म्हणाल? (निमित्त मुतखड्याचं)

खडीसाखर:
मंडळी, एक काम अंगावर आलंय. मुतखड्याच्या पेशंटना द्यायचं चारपानी माहितीपत्रक मराठीत करतेय. स्टोन, लेझर, स्टेंट हे सगळं चालून जातं पण ‘शेअर्ड डिसिजन मेकिंग’ आणि ‘पेशंट प्रेफरन्स’ इथे गाडी अडली. आधी कुणीतरी ‘सामायिक निर्णयप्रक्रिया’ आणि ‘रुग्णप्राधान्ये’ लिहून ठेवलंय, ते वाचून मला सातबाराच आठवला. संदर्भ असा, की समजा पाच-सहा मिमीचा खडा किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत येऊन अडकलाय, ताप नाही, लघवी व्यवस्थित होतेय, तर औषध घेऊन चार-सहा आठवडे पडायची वाट बघता येते, किंवा दुर्बीण घालून काढता येतो, काही वेळा बाहेरून मशीनने फोडता येतो, आणि यातलं काय करायचं हे नुसत्या रिपोर्टवर ठरत नाही, माणसाची नोकरी, पैसा, दुखणं किती सोसवतं हे सगळं त्यात येतं. तर डॉक्टर आणि पेशंटनी बसून हे ठरवायचं, त्याला शब्द हवाय.

बांधावरचा:
सामायिक नकोच ओ. आमच्याकडं सामायिक म्हणलं की विहीर, पाण्याची पाळी आणि कोर्टाची तारीख. ‘सहभागी’ पण नको, तो सरकारी शब्द, निर्णय आधीच झालेला असतो आणि आपण सहभागी व्हायला जायचं. सरळ ‘मिळून ठरवू’ म्हणा की.

उंटावरचा:
‘मिळून ठरवू’ ला माझं मत. पण गंमत बघा, घरी आल्यावर पेशंट काय सांगतो? ‘ऑपरेशन ठरलं.’ कुणी ठरवलं? काही कळत नाही. ठरवणे आणि ठरणे, एक ‘व’ गळला की माणूसच गायब. लग्न ठरलं म्हणतो ना आपण, तसंच, आणि मुलीला विचारलं का हे कुणी विचारत नाही. पत्रकात जिथे जिथे ‘ठरेल’, ‘केले जाईल’ आलंय तिथे कोण ठरवणार ते घाला, निम्मं काम तिथेच होईल.

ओपीडी नंबर बारा:
मी युरॉलॉजीला रेसिडेंट आहे, ड्युटी संपवून लिहितोय त्यामुळे विस्कळीत होईल. शब्द कुठलाही घ्या, पेशंट म्हणतो ‘तुमाला काय वाटतं ते करा सायेब’. आधी मला वाटायचं यांना मतच नाही. मग लक्षात आलं की आमच्या शब्दांनीच त्यांना काय निवडायचं ते कळत नाही. ‘शॉकवेव्ह’ घ्या. १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा पेशंटवर वापरलं ते तंत्र, बाहेरून लाटा सोडून खडा फोडतात, पण आम्ही बोलताना नुसतं ‘शॉक देऊ’ म्हणतो आणि समोरचा विजेचा शॉक समजून पांढरा पडतो. ‘विरघळेल’ हा दुसरा. युरिक अ‍ॅसिडचा खडा औषधाने विरघळू शकतो, पण बहुतेकांचे असतात कॅल्शियम ऑक्झलेटचे, ते नाही विरघळत, आणि लोक मात्र ‘विरघळायचं औषध द्या’ म्हणून अडून बसतात, त्यांचीही चूक नाही, वाट बघायच्या काळात दिलेल्या टॅमसुलोसिनला विरघळायचीच गोळी म्हणून सांगितलेलं असतं कुणीतरी. ती गोळी नळी सैल करते, खड्याला हात लावत नाही.
आणि हो, ताप आणि अडकलेला खडा एकत्र असेल, किंवा एकच किडनी असून ती अडली असेल, तर तिथे मिळून ठरवायला वेळ नसतो, आधी नळी टाकून तुंबलेलं मोकळं करायचं. पत्रकात हे वेगळ्या चौकटीत टाका.

माडगं:
मी भुक्तभोगी. मला ‘दुर्बिणीतून करू’ सांगितलं. माझ्या मेव्हण्याचं दुर्बिणीतूनच झालेलं, लघवीच्या वाटेने, कुठे टाका नाही, म्हणून मी लगेच हो म्हणालो. शुद्धीवर आलो तर पाठीला भोक आणि त्यातून नळी बाहेर. माझा खडा किडनीत, अडीच सेंटिमीटरचा, एवढ्या मोठ्याला पाठीतूनच जातात हे मला नंतर समजलं. फॉर्मवर बहुतेक लिहिलेलं असणार, मी सही केली होती. उपचार बरोबरच होते हो, तक्रार उपचाराची नाहीये, ‘दुर्बीण’ या एका शब्दात दोन वेगवेगळी ऑपरेशनं बसतात आणि पेशंट आपल्याला माहीत असलेलं ऐकतो.
वर स्टेंट, म्हणजे लघवी वाहती राहावी म्हणून आत ठेवलेली नळी. आई फोनवर सगळ्यांना सांगत सुटली की त्याला हार्टचं पण निघालं. पंधरा दिवस लघवीला बसलं की कमरेत अशी चमक यायची की भिंत धरायचो, आणि ती काढायला परत दुर्बीण, हे आधी कुणी बोललं असतं तर ऑफिसला तरी नीट सांगितलं असतं.

उंटावरचा:
यावरून ‘संमती’ आठवली. समीरा कोहली या पेशंटच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००८ साली हेच म्हटलंय, की पेशंटला पुरेशी माहिती मिळून दिलेली संमती तीच खरी, आणि एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या ऑपरेशनला चालत नाही. आपल्याकडे मात्र संमती म्हणजे सही. ‘संमती दिली का’ असं कोण विचारतं, ‘सही झाली का’ विचारतात. तेव्हा शेअर्ड डिसिजनला ‘संमती’ जोडू नका, तो शब्द कागदात अडकलाय.

कुळथाची पिठी:
प्रेफरन्सवर कुणीच बोललं नाही. पसंती साडीची असते, आवड भाजीची, प्राधान्य बँकेच्या कर्जाचं. दुखण्यात माणूस वेगळंच बोलतो. आमचे काका म्हणाले होते, ‘एक वेळ दुखलेलं परवडलं, पण ती भूल परत नको.’ ही झाली ना त्यांची प्रेफरन्स, अख्खी, एका वाक्यात. शेजारीण बरोबर उलटं, ‘एकदाच काय ते करून टाका, मुलांच्या परीक्षेत कळा आल्या तर काय करू’. आणि वाट बघण्याला तर तयारच शब्द आहे, कळ काढणे. थोडी कळ काढ म्हणजे थांब, आणि इथे अक्षरशः कळच काढायची असते. म्हणून ‘महिनाभर कळ काढायची तयारी आहे का’ असं विचारलं तर पेशंटला प्रश्नातच सगळं कळतं. ‘वाट बघू’ मध्ये ते दुखणं लपतं.
(आणि मधल्या काळात हुलग्याचं कढण पिणार असाल तर प्या, पण डॉक्टरला सांगा. बियरच्या सल्ल्यावर मी बोलत नाही.)

खडीसाखर:
कुळथाची पिठी, हे भारीच. ‘रुग्णप्राधान्ये’ खोडलं. काल लगेच वडिलांवर प्रयोग केला, त्यांना खडा नाही, नुसतं समजा म्हणून. ‘तुमची पसंती काय’ विचारलं तर म्हणाले डॉक्टर सांगतील ते. मग ‘काय परवडेल’ विचारलं, तर चष्मा वर करून, ‘किती खर्च येणारे?’

बांधावरचा:
झालं. परवडणं म्हणलं की पहिला पैसाच येणार, शेतकऱ्याच्या घरात तर येणारच. ‘काय जड जाईल’ विचारून बघा. त्यात पैसा पण आला, सुट्टी पण आली, आणि दुखणं पण.

ओपीडी नंबर बारा:
आज दोघांना विचारलं. एक ट्रक चालवतो, म्हणाला गाडीवर असताना कळ आली तर जड जाईल, दुर्बीणच घाला. दुसऱ्या मावशी, त्या म्हणाल्या परत यायचंच जड जातं बाबा, एसटी एकच आहे. त्यांना मी स्टेंट काढायला परत यावं लागेल हे सांगितलं आणि मग आमचं बोलणं वीस मिनिटं चाललं, बाहेर लाईन ओरडत होती.

खडीसाखर:
घेतलं. मथळा ‘मिळून ठरवू’, खाली पहिला प्रश्न ‘तुम्हाला काय जड जाईल?’ आणि दुर्बिणीपुढे दर वेळी ‘लघवीच्या वाटेने’ किंवा ‘पाठीतून’. स्टेंटला ‘आतली तात्पुरती नळी, हृदयाची नव्हे’ लिहितेय, माडगं यांच्या आईसाठी.