मदत हवी आहे: संदकफू-फालुट, माणसं चार, गुडघे आठ, त्यातले धड सात

नमस्कार मंडळी,

दिवाळीचा फराळ संपला की नोव्हेंबरात आम्ही चौघं नागपूरहून दार्जिलिंगकडच्या संदकफू-फालुट ट्रेकला जायचं म्हणतोय. मी (49), जाऊबाई (53), माझी लेक (20) आणि मामेभाऊ (55). उजवा गुडघा मामेभावाचा. चढताना कुरकुरत नाही, उतरताना बोलतो.

हाच ट्रेक का, तर जाऊबाईंमुळे. मागच्या वर्षी एका ग्रुपबरोबर उत्तराखंडात तंबूत राहिलो. रात्रभर पाऊस, सकाळी ओल्या स्लीपिंग बॅगा, वर लीडरची घाई. परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "पाठ टेकायला भिंत नसेल तर मला विचारूच नका." इथे सिंगालीला डोंगररांगेच्या धारेवर रोज मुक्कामाला ट्रेकर्स हट किंवा घरगुती लॉज मिळतं, गरम जेवण मिळतं, तंबू वाहायचा नाही. म्हणून यावेळी ग्रुप नाही, आपलं आपण जायचं. चालणं सुरू होतं त्या मानेभंज्यांगहून गाइड घ्यावाच लागतो, तेवढा घेऊ.

प्रवासाचं असं ठरलंय: संध्याकाळी गीतांजलीने निघायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा, टॅक्सीने सियालदा, रात्रीची दार्जिलिंग मेल आणि सकाळी न्यू जलपायगुडी. तिथून जीपने मिरिक, सुखियापोखरी करत मानेभंज्यांग. रिझर्वेशन आता 60 दिवस आधीच उघडतं, त्यामुळे तिकिटं अजून हातात नाहीत.

चालण्याचा आराखडा:
पहिला दिवस मानेभंज्यांग ते तुमलिंग (2970 मीटर). दुसरा, गैरीबासवरून कालीपोखरी (3186). तिसरा, संदकफू (3636). चौथा, फालुट (3600), हे 21 किलोमीटर आहे. पाचवा, खाली गोरखे. सहावा, रामामवरून श्रीखोला, मग रिंबिकहून जीप.

आता माझे प्रश्न.

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटरवर. आमच्याकडे चढ म्हणजे रामटेक, नाहीतर फुटाळ्याहून सेमिनरी हिल्सला जाणारा रस्ता! तिथून उठून चालण्याच्या तिसऱ्याच दिवशी 3636 वर झोपायचं, हे झेपेल का? की मध्ये एक दिवस थांबावं?

दुसरं, फालुट करावं की संदकफूहूनच गुर्दुममार्गे श्रीखोल्याला उतरावं? मामेभाऊ म्हणतो, "इतक्या दूर येऊन अर्धं कशाला?" मला त्याच्या उत्साहाची जास्त भीती वाटते, गुडघ्याची कमी.

तिसरं, घरचे विचारतात की संदकफूपर्यंत जीप जाते तर चालायचं कशाला. याचं उत्तर मला नको आहे, ते मी देईन. पण जीपचा उपयोग अडचणीत होईल का, ते सांगा.

आणि हो, आमच्यापैकी तिघांनी पचमढीची नागद्वार यात्रा केली आहे, भर पावसात. ती अनुभवात धरायची का?

— तर्रीपोहा

*

ताई, मी दोनदा गेलोय, एकदा एप्रिलमध्ये गुरांसच्या (ऱ्होडोडेंड्रॉन) फुलांसाठी आणि एकदा नोव्हेंबरात. नागद्वार धरा, पण पायांसाठी. पायांना चिखल, पायऱ्या आणि गर्दीची सवय आहे, हे चांगलंच. फुप्फुसांना मात्र पचमढीने काही शिकवलेलं नाही. 3600 मीटरवर समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो आणि तिथे तरुण पोरंही आडवी होतात.

तरी तुमचा आराखडा वाईट नाही. 3000 च्या वर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये म्हणतात. तुमलिंग, कालीपोखरी, संदकफू या क्रमाने तुम्ही त्यात बसता. उलट मजा अशी की दुसऱ्या दिवशी कमावलेली उंची गैरीबासला (2621) परत द्यावी लागते आणि पुन्हा चढावं लागतं. शिव्या येतात तोंडात, पण शरीराला ते बरं असतं. गडबड होते ती जीपने एका दिवसात थेट वर जाणाऱ्यांची. घरच्यांना हेच सांगा.

डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं सुरू झालं तर "चहा घेतला की जाईल" म्हणत वर जायचं नाही. थांबा. वाढलं तर खाली उतरा, रात्र असली तरी. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगा.

— पायवाट

*

मी अमरावतीचा. गुडघ्यावर बोलायचा अधिकार मला आहे, दोन्ही गेलेत.

बाकी सगळं राहू द्या, सरावात उतरणं घ्या. लोक पाच मजले चढतात आणि लिफ्टने खाली येतात. उलटं करा! लिफ्टने वर, पाठीवर सहा-सात किलो घेऊन जिन्याने खाली. दोन शनिवार-रविवार चिखलदऱ्याला काढा. दोन काठ्या घ्या, एक नाही. चढणीचा बराच रस्ता आता काँक्रीटचा झालाय, तो टाचेला आणि गुडघ्याला मातीच्या वाटेपेक्षा जास्त लागतो.

फालुटचा निर्णय नागपुरात बसून घेऊ नका. तो संदकफूवर घ्या. मामेभावाला तिसऱ्या संध्याकाळी लॉजच्या पायऱ्या उतरायला सांगा आणि चेहरा बघा. तोंडाने खरं सांगणार नाही तो. दुखत असेल तर जीपने मानेभंज्यांगला परत. गुर्दुमची वाट जवळची आहे, पण उभी उतरते, हजार मीटरहून जास्त. दुखऱ्या गुडघ्याला ती नकोच. फालुट ते गोरखे 15 किलोमीटरही उतारच आहे, पण जंगलातली मऊ वाट आहे. एकदा गोरख्याकडे उतरलात की मात्र जीपचा पर्याय सुटला असं समजा.

— उतारकरी

*

पायवाटच्या यादीत भर. नोव्हेंबरात तिकडे पावणेपाचला सूर्य मावळतो. आपल्या नागपूरच्या घड्याळाने चालाल तर अंधारात अडकाल. फालुटच्या दिवशी सहाला निघा, आदल्या रात्री पाणी भरून ठेवा. वाटेत दुकान नाही, आणि थंडीत सकाळी नळ गोठलेला असतो.

रोख रक्कम सिलिगुडीतच काढा. तुमलिंग नेपाळच्या हद्दीत आहे, मूळ ओळखपत्र जवळ हवं, गैरीबासला तपासणी होते. हटमध्ये रजया मिळतात, पण आत घालायला एक सुती खोळ शिवून न्या, जाऊबाई दुवा देतील. जेवण वरण-भात, बटाटा, अंडं, थुक्पा. तिसऱ्या दिवशी जिभेला काहीतरी झणझणीत लागतंच, ठेच्याची बाटली न्या. तोंग्बा (तिकडची गरम दारू) खाली उतरल्यावर प्या.

एक दिवस हातचा ठेवा. संदकफूला ढग असले तर त्या दिवसाची किंमत कळते. सकाळी ढग फाटले की कुंभकर्ण, कांचनजंगा, पंडिम मिळून निजलेला बुद्ध दिसतो, आणि डावीकडे एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू. जगातल्या पहिल्या पाचातली चार शिखरं एका ओट्यावरून. तो हातचा दिवस मी ठेवला नव्हता, चूक केली.

— धारेवरचा

*

सर्वांचे आभार. जाऊबाईंना हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. खोळीचं कापड आजच आणायला निघाल्या आहेत.

ठरलं असं: हातचा दिवस संदकफूवर. फालुट की जीप, ते त्या संध्याकाळी पायऱ्यांवरून ठरेल. मामेभावाला पायऱ्यांचं अजून सांगितलेलं नाही, कृपया कुणी त्याला हा धागा पाठवू नका. लिफ्टने वर आणि जिन्याने खाली कालपासून सुरू केलं, वॉचमन विचारत होता, "ताई, लिफ्ट खाली येताना बंद पडते का?"

एकच राहिलं. रिंबिकहून दार्जिलिंगच्या जीप सकाळीच सुटतात असं ऐकलं. म्हणजे शेवटची रात्र श्रीखोल्याऐवजी रिंबिकला काढावी का? सहाव्या दिवशी तेवढं अंतर गुडघ्यासकट होईल का?

— तर्रीपोहा