को-हाउसिंगमध्ये सगळ्या वर्णांची माणसं हवीत, पण त्यासाठी घरं राखून ठेवावीत का?

नदीकाठ: अमेरिकेत आमचा को-हाउसिंगचा गट जमतोय. प्रत्येकाचं घर वेगळं. जेवणघर, बाग, पाहुण्यांची खोली सामाईक. डेन्मार्कची ही पद्धत इथे १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला रुजली. आम्हा दोघांना सोडलं तर गटात सगळे गोरेच. परवा कुणी सुचवलं, सहा घरं गोरेतरांसाठी राखून ठेवू. मी विरोध केला. १९६८चा फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट वर्ण, धर्म, मूळ देश पाहून घर नाकारू देत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. ब्रुकलिनच्या स्टारेट सिटीत वस्ती मिश्र राहावी म्हणून वर्णानुसार प्रमाण ठरवलं होतं. ताटकळले कृष्णवर्णीयच! १९८८ मध्ये अपील कोर्टानेही ते बेकायदा ठरवलं. त्यापेक्षा घरांची जाहिरात गुरुद्वारात, कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये, स्पॅनिश रेडिओवर का देत नाही आपण?

गवंडी: ताई, नुसत्या जाहिरातीने कोण येणार? वर्षानुवर्षं बैठकांना बसा, घर उभं राहण्याआधीच पैसे अडकवा. ज्याच्याकडे सवड आणि शिल्लक आहे तोच टिकतो. राखीव घरं नकोत म्हणणं म्हणजे आहे ते तसंच चालू द्या म्हणणं.

नदीकाठ: पैशाचं पटलं. मग काही घरं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी स्वस्तात ठेवू, कुठल्याही वर्णाची असोत. काही भाड्याने देऊ. बैठकीच्या वेळी मुलं सांभाळायला माणूस ठेवू.

पारावरचा: तिकडे कायदा पाठीशी आहे, याचं मोल मोठं आहे. भारतात २००५ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीला सभासदत्व पारशांपुरतंच ठेवू दिलं. मुंबईत घर बघताना मला पहिला प्रश्न आला, 'नॉनव्हेज खाता का?' आडनाव सांगितल्यावर पुढे फोनच नाही.

गवंडी: तेच तर! घर नाकारायला वर्ण विचारावाच लागत नाही. उद्या तुमच्या सामाईक जेवणघरात मासे शिजवायचे नाहीत असं ठरलं, तर कायदा काय करणार? आणि ठरवणार कोण, तर आज बसलेले सगळे सारखेच लोक. म्हणून सुरुवातीलाच जागा राखा म्हणतोय.

नदीकाठ: वर्णावर राखणं मला अजूनही मान्य नाही. पण जेवणघराचे नियम बुधवारी ठरणार होते. अर्धी घरं भरेपर्यंत ते ठरवूच नयेत, असं आता मांडणार आहे.