रात्रीची ऊस वाहतूक बंद करा म्हणणाऱ्यांना

ट्रॉलीमालक
परवा इथं 'पुणे_ते_विटा' यांनी लिहिलेलं वाचलं आणि डोकं फिरलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: गळीत हंगामात कराड-विटा-जत पट्ट्यात रात्री गाडी चालवणं म्हणजे जिवाशी खेळ, ट्रॉल्यांना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वर टेपचा दणदणाट. म्हणून सूर्यास्त ते सूर्योदय ऊस वाहतूक सरसकट बंद करावी आणि "कारखानदारांच्या लाडक्या ट्रॅक्टरवाल्यांना" एकदाचं वठणीवर आणावं. खाली सगळे वा वा करून मोकळे.

लाडका मी? ट्रॅक्टरचा हप्ता माझ्या नावावर. ऊसतोड टोळीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली ती जमिनीवर बोजा चढवून. एका हंगामात टोळीचा मुकादम ती उचल घेऊन जो गेला, त्याचा फोन आजतागायत बंद आहे. पोलिसांत गेलो तर म्हणाले, हा तुमचा आपसातला व्यवहार. तेव्हा कोणी लाड केले नाहीत.

आता रात्रीचं. टोळी पहाटे फडात उतरते. दुपारपर्यंत तोड, मोळ्या, मग भरणी. ओलीतल्या रानातून दोन भरलेल्या ट्रॉल्या बाहेर काढायला पुढे दुसरा ट्रॅक्टर जोडावा लागतो. डांबरीवर येईस्तोवर दिवस मावळतोच. कारखान्याच्या अड्ड्यावर, म्हणजे वाहनतळावर, नंबर कधी चार तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. गव्हाण, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायची जागा, चोवीस तास चालते, 'नो केन' झालं, म्हणजे ऊस संपला, की बॉयलरपासून सगळं थंड. आणि तोडलेला ऊस जितका वाळेल तितकं वजन शेतकऱ्याचं आणि माझं जातं, कारण मला भाडं टनावर आहे. रात्र बंद केली तर हीच सगळी वाहनं सकाळी एकदम रस्त्यावर येतील, शाळा-कॉलेजच्या वेळेला. चालेल?

शेवटचं. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर तुम्ही निघता, शंभरनं येता आणि अप्पर कधी पाडत नाही. समोरच्याचे डोळे दिपवून ठेवायचे आणि वर विचारायचं, रिफ्लेक्टर का दिसला नाही!

पुणे_ते_विटा
मी रागात लिहिलं हे खरं, पण राग कुठून आला तेही ऐका. माझा मावसभाऊ रात्री मोटारसायकलवरून घरी येत होता. रस्त्यात पंक्चर झालेली ट्रॉली, अर्धी डांबरावर. खूण म्हणून काय, तर मागे दोन दगड आणि बाभळीची एक फांदी. फांदी दिसली तेव्हा तो ट्रॉलीखाली होता. जीव वाचला, गुडघ्याखाली उजवा पाय नाही. ट्रॉली सकाळी गेली. दगड तिथंच होते, पुढच्या माणसासाठी.

केंद्राच्या २०२२च्या अहवालात देशातले रस्त्यावरचे मृत्यू १,६८,४९१ आहेत. त्यातले दोन तृतीयांशांहून जास्त ग्रामीण भागातले. मागून धडक हा अपघाताचा सर्वात मोठा प्रकार, पाचातला एक. समृद्धीवर १ जुलै २०२३ला बस जळून २५ जण गेले तेव्हा सगळे चॅनेल तिथं उभे होते. आमच्या रस्त्यावर एकेक जण जातो, त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींची.

ट्रॉलीमालक
भावाचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. दगड तसेच टाकून जाणाऱ्याला मीही शिव्या देतो. पण त्या १,६८,४९१ मध्ये उसाच्या ट्रॉलीमुळे किती, तो आकडा आहे का? नसेल तर उगाच आकडे फेकून माणसं घाबरवू नका.

खडी_आणि_डांबर
दोघंही गाड्यांवर भांडताय, रस्त्याकडे कोणी बघतंय का? (बांधकाम खात्यात आयुष्य गेलं, म्हणून बोलतो.) पंक्चर ट्रॉली डांबरावर का उभी राहते? साइडपट्टी नसते म्हणून. दर वेळी जुन्यावर नवा थर येतो, डांबर उचलत जातं आणि कडेचा मुरूम भरायचा राहून जातो. कडेला वीतभर खड्डा. भरलेली ट्रॉली तिथं उतरवली तर ती उलटणारच. ड्रायव्हर शहाणा असो की वेडा, तो वरच थांबणार.

आणि विषय निघालाच आहे तर गतिरोधक. नोकरीभर मला इतकं कशानं छळलं नसेल. आयआरसीचा (इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाचा) गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. आधी फलक, वर पांढरे पट्टे. गाडी त्यावरून ताशी २५च्या वेगानं सुखात जाते. गावोगाव जे आहे तो हातभर रुंदीचा बांध आहे. भरलेल्या ट्रॉलीला त्यावर असा हिसका बसतो की पिन तुटून मागची ट्रॉली सुटते. अपघात थांबवायला केलेली वस्तू अपघात करते.

शाळेजवळची
साहेब, आमच्या शाळेचं फाटक थेट राज्य मार्गावर उघडतं. ग्रामपंचायतीचा ठराव दिला, शाळेचं निवेदन दिलं, मुलांच्या सह्या दिल्या. उत्तर आलं, "पाहणी करून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल." मग सातवीतला एक मुलगा गेला. त्या रात्री पालकांनी मुरूम आणि सिमेंट आणून बांध घातला. तुमच्या ३.७ मीटरात तो बसत नाही. पण त्यानंतर आमच्या फाटकासमोर एकही पोर गेलेलं नाही. पट्टी घेऊन मोजायला या.

खडी_आणि_डांबर
मॅडम, मुलगा गेला त्याबद्दल बोलायला माझ्याकडे शब्द नाहीत. पण मुरमाचा ढीग म्हणजे गतिरोधक नव्हे. असल्या बांधावर दुचाकीच्या मागं बसलेल्या किती बायका उडून डोक्यावर पडतात ते बघा कधी. हेल्मेट चालवणाऱ्यालाच नसतं, मागे बसलेलीला कुठून असणार? त्यांची नोंद "दुचाकीवरून पडून मृत्यू" अशी होते. गतिरोधकाचं नाव कुठंच येत नाही. तुमच्या फाटकासमोर नसेल, पण अंधारात न रंगवलेल्या बांधावर कोणाची तरी आई गेलेली असेल.

शाळेजवळची
म्हणजे दोष पालकांचा! तुम्ही खुर्चीत होता तेव्हा अशी किती निवेदनं तुमच्या टेबलावरून "योग्य त्या कार्यवाही"साठी पुढे सरकली, तेही सांगा की.

खडी_आणि_डांबर
शाखा अभियंता स्वतःच्या सहीनं गतिरोधक टाकू शकत नाही. प्रस्ताव जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे जातो. राष्ट्रीय महामार्ग असेल तर विषयच संपला, २०१६ साली मंत्रालयानं तिथले गतिरोधक काढायचेच आदेश काढले. तुमच्यासारख्यांना वाटतं खिशातून काढायचा आणि टाकायचा.

शाळेजवळची
"तुमच्यासारख्यांना." छान. पेन्शन सुखाची जावो.

मिरजेला_चला
मध्ये तोंड घालतो. रुग्णवाहिका चालवतो. दोघांचंही ऐकलं, आता माझं ऐका. मागे अडलेली बाई झोपलेली असते आणि गावापासून मिरजेपर्यंत गावागणिक बांध. प्रत्येक बांधावर आतून किंकाळी येते. पाठीच्या मणक्याला मार लागलेला पेशंट असला तर मी देवाचं नाव घेतो आणि पहिल्या गिअरवर जातो. बांध रंगवलेला असला तर निदान आधी दिसतो. कोणी फक्त चुन्याचा हात मारला तरी माझ्याकडून चहा.

शाळेजवळची
चुना आम्ही लावतो. दर पंधरा ऑगस्टला. पुढच्या पावसात जातो. थर्मोप्लास्टिकचा रंग तुमचे साहेब लोक लावतात, तोही फक्त मंत्री येणार असला की.

खडी_आणि_डांबर
हे मात्र खोटं नाही.

माणदेशी_मिरची
धागा उसाचा होता ना? दोन दिवस झाले, सगळे गतिरोधकावर चढून बसलेत, उतरायचं नाव नाही!

माझं सांगते. आमच्या गावाला मुक्कामी एसटी होती. रात्री यायची, पहाटे पहिल्या फेरीला पोरं घेऊन तालुक्याला जायची. ऑक्टोबर २०२१ला संप झाला, एप्रिल २०२२ला मिटला, आमची मुक्कामी गाडी मात्र परतली नाही. आता अकरावीची पोरं एका मोटारसायकलवर तिघं. लायसन कोणाकडे नाही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणे. गाडीच नाही तर त्या अर्ध्या तिकिटाचं काय लोणचं घालू? राहिलं वडाप, म्हणजे खासगी जीप. आत पंधरा, मागच्या फळीवर चार. तुमच्या त्याच २०२२च्या अहवालात मेलेल्यांत शंभरातले ४४ दुचाकीवरचे आहेत. दुचाकीवर कोण बसतं? ज्याला बस नाही तो. रस्ता सुरक्षा सप्ताहात आमच्या शाळेत हेल्मेटवर निबंध लिहून घेतात.

पुणे_ते_विटा
एसटीचं पटलं, पण ते वेगळं दुखणं आहे. इथं प्रश्न रात्रीच्या ट्रॉल्यांचा आहे.

माणदेशी_मिरची
वेगळं कसं? तुमचा भाऊ रात्री मोटारसायकलवर का होता?

पुणे_ते_विटा
शेवटची बस साडेसातला सुटते म्हणून. ठीक आहे, जिंकलात.

दीड_एकर
ट्रॉलीमालक, तुम्ही उचलीचं रडगाणं गायलं, आता शेतकऱ्याचं ऐका. माझ्या फडात गाडी लागली की आधी ड्रायव्हरची एन्ट्री, म्हणजे वरचे पैसे. मग टोळीचं जेवण, चहा, कधी कोंबडं. नाही म्हटलं तर ऊसच बुडक्याला हातभर सोडून तोडतात. ह्यातलं एकही बिलात नसतं. बिलात असते तोडणी-वाहतूक, ती एफआरपीतून (केंद्रानं ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून) कापून घेतात, आणि तीही सगळ्यांच्या अंतराची सरासरी काढून. माझा फड कारखान्याच्या भोंग्याच्या अंतरावर आहे. साठ किलोमीटरवरून ऊस आणणाऱ्याचं डिझेल मी का भरू?

ट्रॉलीमालक
एन्ट्री घेणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण ड्रायव्हरला पगार काय मिळतो तेही लिहा कधी.

दीड_एकर
तो पगार तुम्हीच देता, मालक.

आता मुद्द्याचं. दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतर ठेवायचा नियम आहे ना? कशासाठी, तर ज्याचा ऊस त्याच्या जवळ गाळला जावा. आणि होतं काय? आमच्याकडचा ऊस पलीकडच्या तालुक्यात जातो, तिकडचा आमच्याकडं येतो. येरळेच्या अरुंद पुलावर दोन्ही ट्रॅक्टर समोरासमोर येतात. दोघांच्या दोन-दोन ट्रॉल्या भरलेल्या, कोणी मागं घ्यायचं ह्यावरून अर्धा तास वाद, मागं लग्नाच्या वऱ्हाडाची रांग. पळवापळवी बंद झाली तर निम्मी ट्रॉली रस्त्यावर येणारच नाही. रात्रबंदीची गरजच उरणार नाही.

ट्रॉलीमालक
झोनबंदी, म्हणजे ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालायची सक्ती, परत आणायची म्हणताय? मग कारखाना देईल तो दर मुकाट घ्या. पलीकडचा जास्त देतो म्हणून तुम्हीच तिकडं घालता ना? तेव्हा पुलावरचा ट्रॅक्टर आठवत नाही.

दीड_एकर
दर सगळ्यांनी सारखा द्यावा म्हणजे कोणी पळणार नाही. ते सोडून सगळं बोलता.

पुणे_ते_विटा
एक विचारतो, खोचकपणे नाही. प्रत्येक वाहनाला कारखान्याचा कोड असतो. प्रत्येक खेप कारखान्याच्या वजनकाट्यावर येते, संगणकात नोंद होते. रस्त्यावर पोलीस किती ट्रॉल्या अडवणार? काट्यावरून मात्र एकही सुटत नाही. मागे दिवा आणि रिफ्लेक्टर नसेल तर काटा नाही, एवढंच केलं तर?

ट्रॉलीमालक
भरलेली ट्रॉली काट्यावरून परत पाठवणार? ऊस कुठं ओतू, तुमच्या दारात?

तपासायचीच तर रिकामी झाल्यावर तपासा. गव्हाणीत ऊस टाकला की रिकाम्या वजनाला परत काट्यावर यावंच लागतं. तेव्हा बघा आणि पावती अडवा. दिवा लावल्याशिवाय पुढच्या खेपेची स्लिप नाही. हे जमण्यासारखं आहे. फक्त वायरिंगचा दिवा सांगू नका, ऊस उतरवताना साखळीत तो दर खेपेला तुटतो. बॅटरीवरचा लुकलुकणारा दिवा शेवटच्या मोळीला बांधता येतो. मी आणला होता. अड्ड्यावर नंबरात डोळा लागला आणि सकाळी दिवा गायब. आता तो कोणाच्या तरी सायकलला असेल.

खडी_आणि_डांबर
रिफ्लेक्टर पट्टीही ट्रॉलीच्या फाळक्याला (मागच्या फळीला) लावून उपयोग नाही, वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, लोंबतं त्याखाली झाकते. चेसिसला खाली लावा. नियमात पट्टी आहेच, बघत कोणी नाही.

ट्रॉलीमालक
बरोबर आहे. पण मुख्य गोम सांगतो. आमच्या कारखान्यानं पावती अडवली, तर पलीकडचा हात जोडून बोलावतो, "या, आमच्याकडं कोणी विचारत नाही." मग?

दीड_एकर
मग सगळ्यांना एकदम लावा. गाळप परवाना दर हंगामाला साखर आयुक्तालय देतं. त्यातच अट घाला.

ट्रॉलीमालक
आयुक्तालयाची पत्रं दर दिवाळीला येतात, टेप लावू नका, रिफ्लेक्टर लावा. चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा ऊस नोंदीचा माणूस, ती अड्ड्यावरच्या शेडला चिकटवतो आणि त्याच्यावर आम्ही तंबाखूचा हात पुसतो.

पुणे_ते_विटा
पत्र वेगळं, परवाना वेगळा. एफआरपी थकवली म्हणून परवाना अडवल्याची उदाहरणं आहेत.

दीड_एकर
आहेत की. तरी माझं मागचं बिल अजून यायचंय.