सिंगापूरचं एनएस (तरुणांची सक्तीची लष्करी सेवा): डॉक्टरचं पत्र लपवायला सांगणाऱ्यांना उत्तर

पुंगोलकर: कालच्या धाग्यात एका पालकांचा सल्ला होता, "तेकाँगवर (भरतीनंतरच्या प्रशिक्षणाच्या बेटावर) ९ आठवडे काढले की नैराश्य पळतं. डॉक्टरचं पत्र दाखवू नका, पेस (वैद्यकीय श्रेणी) घसरेल." संताप आला. गोळ्या लपवायच्या म्हणजे बहुतेक वेळा भरतीआधी बंद करायच्या. एसएसआरआय (नैराश्यावरची गोळी) एकदम तोडली की थोड्याच दिवसांत चक्कर, झोपमोड, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके. त्याच सुमारास पोराच्या हातात रायफल येते! भरतीआधीच्या वैद्यकीय तपासणीला मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र न्याच. त्यात निदान, गोळीचं नाव, मात्रा, कधीपासून, शेवटचा बदल कधी आणि जिवाचं बरंवाईट करायचा विचार आला होता का, हे सगळं हवं. "मानसिक त्रास आहे" एवढ्या एका ओळीवर एमओ (लष्करी डॉक्टर) काय ठरवणार?

तंपिनेसकर: आणि पत्र आणून 'चाओ केंग' (आजाराचं ढोंग) करणारे? एकाची गार्ड ड्यूटी माफ झाली की ती दुसऱ्याच्या बोकांडी बसते. त्याच्या मनःस्वास्थ्याबद्दल कुणी बोलत नाही.

बिशानकर: ढोंग ओळखणं एमओचं काम आहे, बंकमधल्या (बराकीतल्या) पोरांचं नाही. 'केंग' म्हणतील या धास्तीने खरा आजारी पोरगा रिपोर्ट सिक करत नाही (आजारी असल्याचं छावणीत कळवत नाही), बुक-आउटची (घरी जायच्या सुट्टीची) वाट बघतो. धोका तिथे आहे.

जुरोंगकर: मुळात पीआर (कायम वास्तव्याचा दर्जा) आईबापांनी घेतला, एनएस मुलाच्या गळ्यात! न करता पीआर सोडला तर पुढे इथल्या शिक्षण-नोकरीच्या अर्जांवर परिणाम होतो. निवड कसली?

पुंगोलकर: विषय पीआर नाही.

जुरोंगकर: तोच आहे. ज्याला पर्यायच नाही त्याला "सांभाळून घे" म्हणणं क्रूर आहे.

बिशानकर: म्हणून तर वेळ वापरा. नोंदणी साडेसोळाव्या वर्षी, भरती अठरानंतर. गोळीचा गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात, मात्रा बसायला त्याहून जास्त. भरतीच्या महिन्यात डॉक्टर गाठून काय उपयोग?

तंपिनेसकर: आणि पुढे नोकरीत ते पत्र नडलं तर?

पुंगोलकर: अर्जात मानसिक आजार विचारू नये, असं इथल्या रोजगाराच्या मार्गदर्शक तत्त्वांत २०२० पासून आहे.

तंपिनेसकर: कागदावर आहे. बरं, पत्र न्या, मान्य. पण सूट दिलेल्या पोराला स्टोअरमध्ये नुसतं बसवून ठेवतात, त्याने तो आणखी खचतो. त्यावर कुणी लिहिणार का?

बिशानकर: ते खरं आहे. सूट देताना दिवसभराचं ठरलेलं काम आणि पुढच्या तपासणीची तारीख, दोन्ही मागून घ्या. गोळ्या फार्मसीच्या लेबलसकट द्या आणि संपायच्या आठवडाभर आधी पुढची अपॉइंटमेंट धरा.