घर खरं दिसतं, आजी दिसत नाही : गेमच्या आर्टबद्दल विचारायचंय

चिऱ्याचं घर, खानापूर
ब्लेंडर (त्रिमितीय आकार घडवायला) आणि गोडो (गेम बांधायला) वापरून एकटाच छोटा गेम करतोय. आषाढातलं आमचं घर, आणि दिवा घेऊन खोल्यांतून फिरणारी आजी, एवढाच खेळ. जांभ्याच्या भिंतींचे, कौलांचे दोनशेभर फोटो काढून टेक्स्चर, म्हणजे आकारांवर चढवायची चित्रं, केली. आईनं स्क्रीनवर बोट ठेवून न्हाणीजवळचा फुटका चिरा ओळखला! पण आजी त्या घरात उभी केली की मेणाची वाटते. सुरकुत्या वाढवल्या तर भीतीच वाटते. सपाट रंगात केली, तर भिंतीवर चिकटवल्यासारखी. काय करू? घर सोडवत नाही.

शहापूरकर
घर साधं कर. चेहऱ्यातली खोट माणसाला लगेच कळते, चिऱ्यातली कळत नाही. 'ओकामी' हा गेमसुद्धा आधी वास्तवदर्शीच करायला घेतला होता. प्लेस्टेशन २ला ते झेपेना, म्हणून शाईच्या कुंचल्याची शैली आली. २००६चा गेम, आजही बघत राहावा असा.

रंगारी, निपाणी
फोटो उन्हात काढलेस का? तसं असेल तर दुपारची सावली टेक्स्चरमध्येच बसली, दिवा कुठूनही धर, ती हलणार नाही. ढगाळ दिवशी परत काढ, आणि त्यातले बारीक डाग पुसून दोन-तीन मोठे रंग ठेव. ओला जांभा मात्र खराच वागू दे : भिजला की गडद होतो, चकाकतो. प्रकाश, मापं आणि चाल खरी ठेव, पृष्ठभाग साधा कर. घर आणि आजी, दोघांनाही हाच नियम.

आता आजी. 'टीम फोर्ट्रेस २' (२००७) हा गोळीबाराचा गेम बघ. पात्र नुसत्या आकृतीवरून ओळखू येतं, आणि रंग पायाकडे गडद, छातीकडे उजळ, म्हणजे नजर हातातल्या हत्याराकडे जाते. तुझ्या आजीच्या हातात दिवा आहे की रे! चेहरा सोड. वाकलेली पाठ, इरकलीचा तांबडा टोपपदर, आणि दिव्याजवळ सगळ्यात जास्त उजेड.

चिऱ्याचं घर, खानापूर
दादा, फोटो भर दुपारचेच होते. काल पाऊस थांबल्यावर परत काढले. डाग पुसताना जीव तुटत होता, पण फुटका चिरा तेवढा ठेवलाय. आजीला नाक-डोळे अजून दिलेले नाहीत. आईला दाखवलं, तर ती म्हणाली, उंबऱ्याशी आजी आधी डावा पाय टाकायची, तुझी उजवा टाकतेय. आज तेच दुरुस्त करतोय.