पात्रता सांगताना दोन शब्दांना एकच प्रीपोझिशन पुरते का?

इंग्रजीचे शिक्षक, धरमपेठ

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे नोकरीचे अर्ज मी तपासून देतो आणि त्यांत एक चूक इतकी नेहमी आढळते की तिच्यावर सविस्तर चर्चा व्हावी असे मला मनापासून वाटते. ‘आय हॅव नॉलेज अँड एक्स्पीरियन्स इन जावा’ हे वाक्य घ्या. ‘एक्स्पीरियन्स’ला ‘इन’ चालते, पण ‘नॉलेज’ला ‘ऑफ’ लागते. म्हणून ‘नॉलेज ऑफ अँड एक्स्पीरियन्स इन जावा’ असे लिहायला हवे. ‘फॅमिलियर अँड ट्रेन्ड इन ऑटोकॅड’ हे तर आणखी खटकते, कारण ‘फॅमिलियर’ला ‘विथ’ हवे आणि वाक्यात ते कोठेच नाही. दोन्ही शब्दांचे प्रीपोझिशन एकच असेल, तर ते एकदाच आले तरी भागते. ‘ट्रेन्ड अँड एक्स्पीरियन्स्ड इन वेल्डिंग’ यात काहीच चूक नाही. एरवी मात्र प्रत्येक शब्दाला त्याचे स्वतःचे प्रीपोझिशन मिळालेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मनुष्यबळ अधिकारी, मिहान

सर, आपल्याविषयी आदर आहे, तरी मी सहमत नाही. आपण सुचवलेल्या वाक्यात ‘ऑफ’ अधांतरी राहते आणि ते कशाला जोडायचे हे कळण्यासाठी वाचणाऱ्याला शेवटपर्यंत थांबावे लागते. एकापाठोपाठ एक अर्ज वाचणाऱ्याला अशी वाक्ये फार जड जातात. एका ‘ऑफ’साठी आम्ही कोणाचा अर्ज बाजूला ठेवत नाही.

जेथे प्रीपोझिशन बदलल्याने दावाच बदलतो, तेथे मात्र मी काटेकोर आहे. ‘क्वालिफाइड इन’च्या पुढे विषय येतो, ‘क्वालिफाइड अ‍ॅज’च्या पुढे व्यवसाय येतो आणि ‘क्वालिफाइड फॉर’च्या पुढे ते पद किंवा काम येते, ज्यासाठी आपण पात्र आहोत असे उमेदवाराला म्हणायचे असते. परिचारिका म्हणून प्रशिक्षण पूर्ण झाल्याचे सांगणे आणि त्या जागेसाठी आपण योग्य आहोत असे म्हणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना आधी हे शिकवा, अशी माझी विनंती आहे.

अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, बजाजनगर

पदवी लिहिताना तर तीन प्रीपोझिशन ओळीने येतात: ‘बॅचलर ऑफ टेक्नॉलॉजी इन सिव्हिल इंजिनिअरिंग फ्रॉम’ आणि पुढे विद्यापीठाचे नाव. वाक्य लांबते म्हणून एखादे गाळावे, असे माझ्या मैत्रिणी म्हणतात, पण मला ते पटत नाही. ‘ऑफ’ हा पदवीच्या नावाचाच भाग आहे, ‘इन’ शाखा सांगते आणि ‘फ्रॉम’ पदवी कोणी दिली ते सांगते. संलग्न महाविद्यालयात शिकलेल्याची पदवी विद्यापीठाची असते, म्हणून ‘फ्रॉम’पुढे विद्यापीठ आणि ‘स्टडीड अ‍ॅट’पुढे महाविद्यालय लिहिणे मला अधिक अचूक वाटते. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था स्वतःच पदवी देते, त्यामुळे तेथील विद्यार्थ्यांना हा भेद करावा लागत नाही. (आपल्या नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव 2005 मध्ये मिळाले, त्याआधीच्या पदवीधरांनी पदवीपत्रावर असलेलेच नाव लिहावे हे बरे.)

निवृत्त प्राध्यापक, प्रतापनगर

नियम शिक्षकांनी सांगितला तोच खरा आहे, पण त्यांचा उपाय मला मान्य नाही. मराठीत प्रत्यय नामाला चिकटलेला असल्यामुळे तो अधांतरी ठेवताच येत नाही. आपण ‘तिला गणिताची आवड आणि त्यात गती आहे’ असे म्हणतो; पहिला भाग पुरा करतो आणि दुसऱ्या भागात सर्वनामाला वेगळा प्रत्यय लावतो. इंग्रजीतही हे साधते. ‘आय नो जावा वेल अँड हॅव वर्क्ड इन इट फॉर टू इयर्स’ या वाक्यात काही गाळलेले नाही आणि काही लोंबकळतही नाही. दुसरा मार्ग म्हणजे एकच प्रीपोझिशन घेणारी जोडी निवडणे, जसे ‘प्रोफिशियंट अँड एक्स्पीरियन्स्ड इन’. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला हे दोन्ही मार्ग लवकर उमगतात, कारण त्याच्या कानाला ती सवय असते.

इंग्रजीचे शिक्षक, धरमपेठ

प्राध्यापक महोदय, वाक्य नव्याने बांधण्याचा आपला उपाय मी वर्गात जरूर वापरीन. तरीही दुहेरी प्रीपोझिशनची रचना मी शिकवणे सोडणार नाही, कारण ‘इंटरेस्ट इन अँड नॉलेज ऑफ’ अशा जोड्या औपचारिक इंग्रजी लेखनात सर्रास येतात आणि ज्याला त्या कधी शिकवल्याच नाहीत, तो वाचताना अडखळतो. मिहानच्या ताईंना मात्र विचारावेसे वाटते की, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात भाषांतराच्या कामासाठी अर्ज करणाऱ्याचेही ‘ऑफ’ आपण असेच सोडून द्याल का? तेथे भाषा हीच त्याची पात्रता आहे.

मनुष्यबळ अधिकारी, मिहान

भाषांतरकाराच्या बाबतीत आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मात्र वेल्डर, लेखापाल किंवा संगणक अभियंता यांना तीच कसोटी लावणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यांचे कौशल्य त्या वाक्यात नसून वाक्याबाहेर, हातच्या कामात असते, आणि मुलाखतीत आम्ही तेच तपासतो.